काइतारा माडावरून पडला नव्हता

काइतारा माडावरून पडला नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं बोलता येईल. त्याने स्वतः ते आठ महिन्यांत निदान चारशे वेळा सांगितलं आणि चारशेही वेळा समोरच्याने मान डोलावून विचारलं, "बरं, पण कुठल्या माडावरून?"

तो ट्रकमधून पडला. चर्चची गाणारी मंडळी शेजारच्या गावी जेवणाला निघाली होती आणि काइतारा कडेच्या फळीवर बसला होता. वाटेत डुक्कर आडवं आलं. ड्रायव्हरने गाडी अशी काही वळवली की मंडळी एकमेकांच्या मांडीवर गेली आणि काइतारा रस्त्यावर. उजवा तळवा पुढे टेकला आणि सगळं वजन त्या मनगटावर आलं. डुकराला काही झालं नाही. ते अजून गावात हिंडतं, आणि ते दिसलं की काइताराच्या तळपायाची आग मस्तकात जाते.

पण अबायांग बेटावर नीरा काढणाऱ्या माणसाचा हात मोडला तर ट्रकवर कोण विश्वास ठेवणार? आणि माडावरून पडला म्हटलं की लोक जखम नंतर बघतात. आधी त्याचं काय चुकलं ते शोधतात. बायकोशी भांडून चढला असेल, दुसऱ्याची शहाळी काढली असतील, वाडवडिलांना काहीतरी उणंदुणं बोलला असेल. सत्तेचाळीस वर्षांच्या काइताराने चौदाव्या वर्षापासून दिवसातून दोनदा माड चढून कधी पाय घसरू दिला नव्हता. त्याचा सगळा मान त्यातच होता, आणि तो एका डुकरापायी गेला.

घरामागे त्याच्या वडिलांचे चार उंच माड. पोय, म्हणजे माडाचा न उमललेला तुरा, दोरीने आवळून बांधायची, तिचं टोक सकाळ-संध्याकाळ कांद्याच्या पापुद्र्याइतकं पातळ तासायचं, खाली बाटली लटकवायची. काप जाड गेला तर पोय आठवडाभरात संपते, पातळ गेला तर महिनाभर पाझरते. आणि तासताना गायचं. वर गेलेला माणूस गप्प राहत नाही, इथली रीतच आहे ती. घरागणिक गाणं वेगळं, त्यामुळे खाली चूल पेटवणाऱ्या बाईलाही कळतं की आत्ता कोण कुठल्या माडावर आहे. काइताराच्या घरचं गाणं त्याच्या आजोबांचं. शेंड्यावरून त्यांनी वादळात हरवलेली होडी सगळ्यांच्या आधी पाहिली, आणि ज्यांनी पाहिली नाही ते सगळे आंधळे, असा त्याचा एकंदर मतलब. गाणं जरा शेखी मिरवणारंच होतं. पण काइताराचा आवाज खणखणीत होता, आणि लोकांनी ती शेखी तीस वर्षं ऐकून घेतली होती.

पडल्यावर गावच्या दवाखान्यातल्या नर्सने मनगट दाबून पाहिलं, म्हणाली, "मुरगळलंय," पट्टी बांधली, गोळ्या दिल्या. तिच्याकडे एक्स-रेचं यंत्र नव्हतं, म्हणून तिलाही काय बोलणार. मग रीतीप्रमाणे तो ताउआ मावशीकडे गेला. मावशी म्हणजे त्याच्या आईची धाकटी बहीण. डोळ्यांनी आता जवळजवळ आंधळी, पण बोटांनी बघणारी. पन्नास वर्षांत तिने गावातला एकही सांधा सोडला नव्हता. तीन दिवस, सूर्य उगवताना, खोबरेल तेलाने चोळायचं. पहिल्याच दिवशी तिचा अंगठा थांबला.

"इथे काहीतरी उभं राहिलंय रे," ती म्हणाली.

"मग बसव."

"बसवते. ओरड हवा तेवढा. ओरडलं की मोकळं होतं."

काइतारा असा ओरडला की शेजारच्या कोंबड्या छपरावर गेल्या. तिसऱ्या दिवशी अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर झाली. मावशी म्हणाली, सूज उतरतेय. राकेरा, त्याची बायको, म्हणाली, "अहो, शहरात जाऊया." आणि हा म्हणाला, "मुरगळल्याला कोणी बोट करून जातं का?" यात तीन आठवडे गेले. ते तीन आठवडे आठवले की तो अजून दात-ओठ खातो. कोणावर ते त्याला धड ठरवता येत नाही, त्यामुळे जास्तच.

शेवटी सुरी हातातून गळून पडली तेव्हा तो खाडी ओलांडून शहरातल्या मोठ्या इस्पितळात गेला. नशीब एवढंच की फिजीहून हाडांचा डॉक्टर त्या महिन्यात तिथे आला होता. डॉ. नातुवा, पैलवानासारखा माणूस, बोलणं मात्र हळू. त्याने एक्स-रे उजेडात धरला.

"मनगटात आठ छोटी हाडं असतात. हे मधलं, अर्ध्या चंद्रासारखं. ते आपली जागा सोडून तळव्याकडे आलंय आणि शिरेवर बसलंय. म्हणून बोटं बधिर. कोणत्या माडावरून पडलात?"

"ट्रकवरून."

"आणि नंतर कोणी दाबलं का हे?"

काइताराने नजर एक्स-रेकडे वळवली. राकेरा बोलून गेली. डॉक्टरने जो सुस्कारा सोडला तो राकेरासोबत बोटीतून गावात आला, आणि दोन दिवसांत मावशीच्या मचाणापर्यंत, म्हणजे तिच्या बिनभिंतींच्या घरापर्यंत, पोचला.

शस्त्रक्रिया तीन तास चालली. मनगट दोन्ही बाजूंनी उघडलं, चंद्र उचलून जागेवर बसवला, तुटलेले बंध शिवले, शिरेवरचा दाब मोकळा केला आणि सगळं हलू नये म्हणून हाडांतून तीन बारीक तारा आरपार घातल्या. दहा आठवडे प्लास्टर. "हात उंच ठेवा, छातीच्या वर," डॉक्टरने बजावलं. "आणि चोळायचं नाही. कोणीही."

हात उंच ठेवणं इस्पितळात सोपं असतं. गावात सभाघर आहे, मानेआबा, आणि तिथे म्हाताऱ्यांच्या डोक्यावर कोणी हात उगारत नाही. काइतारा आपल्या जागी मांडी घालून बसला, हात वर धरून. थोरल्या म्हाताऱ्याने बोलणं थांबवलं.

"काय म्हणायचंय तुला?"

"काही नाही, आजोबा. डॉक्टरने सांगितलंय."

"मग खाली घे."

खाली घेतला की बोटं ठणकायची, वर घेतला की म्हातारा थांबायचा. तिसऱ्यांदा म्हातारा म्हणाला, "माडावरून पडला तरी याची मान खाली येत नाही." सगळं सभाघर हसलं. काइतारा उठून घरी गेला आणि दहा आठवडे तिकडे फिरकला नाही.

घरी तरी काय होतं? माड कोणासाठी थांबत नाही. दोन दिवस तासली नाही तर पोय सुकते. म्हणून राकेराने आपल्या धाकट्या भावाला, बिरिबोला, सांगितलं. बिरिबो मनाने लोण्यासारखा मऊ आणि हाताने ओंडका. काप असा घालायचा की पोय नव्हे, फणस चिरतोय. आणि गाणं! त्याच्या घरचं गाणं एका खेकड्याचं होतं, सासूच्या घरचे सुके मासे चोरणाऱ्या. काइताराच्या आजोबांनी जिथून होडी पाहिली त्या शेंड्यावरून सकाळ-संध्याकाळ खेकडा ऐकू यायला लागला. वाटेने जाणारे म्हणायला लागले, "बिरिबोच्या माडांपाशी वळायचं." काइतारा मचाणावर पडून हे ऐकायचा आणि अंगाचा तिळपापड व्हायचा.

"अरे, गप्प बसून तास की!" तो खालून ओरडायचा.

"दाजी, गप्प बसलो तर लोक म्हणतील चोर चढलाय!"

"गातोयस त्याच्यापेक्षा चोर बरा!"

त्याने एकदा डाव्या हाताने करून पाहिलं. बिरिबोने वरून एक पोय तोडून आणली आणि काइतारा खाली बसून ती डाव्या हाताने तासू लागला. अर्ध्या तासात त्याने तिचा भुगा केला आणि सुरी वाळूत फेकली. राकेराने ती उचलली, पुसली आणि छपराच्या झावळीत खोचून ठेवली. ती काही बोलली नाही याचाही त्याला राग आला.

मावशीकडे तो गेला नाही. तिनेही बोलावणं पाठवलं नाही. एवढंच कळलं की डॉक्टरचा सुस्कारा पोचल्यापासून मावशीने कोणाच्या अंगाला हात लावला नव्हता. पोरं मुरगळलेले पाय घेऊन येत, आणि ती म्हणे, "नर्सकडे जा." तेलाची बाटली मचाणाच्या खांबाला बुचासकट टांगलेली होती. चांगली अद्दल घडली, असं काइताराला पहिल्या महिन्यात वाटलं. दुसऱ्या महिन्यात तसं वाटेना, पण पाय तिकडे वळेना.

प्लास्टर उतरवून तारा काढल्या तेव्हा आतून जे मनगट निघालं ते लाकडाचं होतं. वर वाकेना, खाली वाकेना. व्यायाम शिकवायला आकेनेते नावाची मुलगी होती, इथलीच, फिजीत शिकून आलेली. ती एका कोनमापकाने मनगट मोजायची आणि वहीत आकडा लिहायची. दर महिन्याला बोटीने जायचं, उलट्या करत पोचायचं आणि ऐकायचं की पाच अंश वाढलेत. पाच अंश म्हणजे किती? पेला तोंडाला लावताना तो आधी नाकाला लागायचा, आता ओठाला लागतो, एवढे.

"काका, आज नवीन," ती एकदा म्हणाली. "भिंतीवर बाण फेकतात ना, छोटा, बोटांनी? तसा हात फेकायचा. मागून वर, पुढे खाली, तिरका."

"आमच्या गावात भिंतीच नाहीत, पोरी."

"नाहीत, पण समजा आहे."

"समजा आहे. मग घरावर बाण कशाला फेकू?"

ती हसली, हा हसला नाही. तिने त्याचा हात धरून हालचाल करून दाखवली आणि काइताराचा चेहरा बदलला. ती बाण फेकण्याची हालचाल नव्हती. ती पोय तासण्याची होती. अंगठ्याकडून करंगळीकडे, तिरपी, जाता जाता हलका झटका. तीस वर्षांत हे मनगट दुसरं काही शिकलंच नव्हतं. घरी आल्यावर तो लाकडी पळी घेऊन हवा तासत बसायचा. बाकीचे आकडे कासवासारखे सरकले, हा एक मात्र चढत गेला. आकेनेतेने वहीत त्याच्याभोवती गोल काढला.

म्हणून सातव्या महिन्यात तो डॉ. नातुवासमोर जवळजवळ खुशीत बसला होता. डॉक्टर मात्र नव्या एक्स-रेकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला.

"चंद्र पांढरा पडतोय," तो म्हणाला. "उशिरा बसवला ना. रक्त नीट पोचलं नाही. हळूहळू चुरेल. वजन टाकलं की दुखतं, हो ना?"

"तळवा टेकला की जीव जातो."

"मग दोन वाटा आहेत. एक, पुन्हा उघडून मनगटाची हाडं एकमेकांना कायमची जोडून टाकायची. दुखणं जाईल, जोर येईल. पण वाकणार नाही, कधीच. दुसरी, आहे तसं ठेवायचं. वाकेल, पण जोर नाही, वजन नाही. चढणं तर नाहीच."

काइताराने ते मनात दोनदा उलटसुलट करून पाहिलं. मग त्याचा आवाज चढला.

"म्हणजे जोडलेला हात चढेल पण तासणार नाही, आणि हा हात तासेल पण चढणार नाही?"

"हो. तसंच."

"डॉक्टर, वर जाऊन मी काय नुसता बसू माकडासारखा? आणि खाली उभं राहून तासायला पोय काय माझ्या नाकासमोर लोंबते?"

"मी दोन महिन्यांनी परत येतोय. तोवर सांगा."

बोटीत तो शहराकडे पाठ करून बसला. राकेराने दिलेला भात-मासळीचा डबा त्याने तसाच परत आणला. देवाने हात दिला तो पुरता द्यावा, नाहीतर पुरता न्यावा. हे अर्धं अर्धं कसलं करतो? हेच त्याच्या डोक्यात घोळत राहिलं.

दुसऱ्याच दिवशी, बिरिबो मासेमारीला गेलेला पाहून, तो आपल्या थोरल्या माडाशी गेला. खोडाला वडिलांनी पाडलेल्या खाचा. पहिली, दुसरी, तिसरी. तिसऱ्या खाचेवर उजवा तळवा खोडाला दाबून अंग वर ओढायचं होतं. मनगटातून अशी कळ गेली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. वर जाता येईना, खाली सोडवेना. जमिनीपासून पुरुषभर उंचीवर तो माडाला मिठी मारून लटकून राहिला, तेही भर दुपारी, आणि खाली राकेरा येऊन उभी राहिली.

"काय करताय?"

"मुंगळे बघतोय."

"दिसले?"

"दिसले."

"मग या खाली." तिने त्याच्या टाचा धरून एकेक खाचेत ठेवल्या. तो खाली आल्यावर ती पाठमोरी झाली आणि नेसूच्या टोकाने डोळे पुसले. त्यालाही रडू आलं, आणि रडू आलं म्हणून राग आला, आणि रागात तो चालत सुटला.

चालत सुटला तो गावाला वळसा घालून शेजारच्याच बिरिबोच्या अंगणात येऊन थांबला. तिथे एक बुटका माड होता. सहा वर्षांपूर्वी शेतकी खात्याची माणसं अशी रोपं वाटत होती. काइताराने त्यांना दारातून परत पाठवलं होतं, म्हणाला होता, त्याच्यावर माझी कोंबडी चढेल. बिरिबोने घेतलं, कारण बिरिबो कोणालाच नाही म्हणत नाही. काइतारा त्या झाडाला येता-जाता "बाळंतिणीचा माड" म्हणून हिणवायचा. आता त्याला एक पोय आली होती. ती त्याच्या नाकाच्या वीतभर वर लोंबत होती.

तो बराच वेळ तिच्याकडे रागाने बघत उभा राहिला. मग घरी जाऊन झावळीतली सुरी काढली.

दोरी आवळायला बिरिबो लागला, कारण बोटांत तेवढा जोर नव्हता. त्याने काही विचारलं नाही. फक्त म्हणाला, "दाजी, बादली देऊ का उभं राहायला?" काइताराने त्याच्याकडे असं पाहिलं की तो बादली पालथी घालून पळालाच. आठ-दहा दिवस पोय बांधत, वाकवत गेले. मग एका सकाळी काइतारा बादलीवर चढला, सुरी टेकवली आणि मनगट सोडलं. मागून वर, पुढे खाली, तिरका. पापुद्रा निघाला. त्याने तो उजेडात धरला, पलीकडचं दिसत होतं. दुखलं, पण सोसण्यासारखं. खाली बाटलीत थेंब पडायला लागले.

मनगट वाकतं ठेवायचं, हे तिथेच ठरलं. डॉक्टरला सांगायचं, उघडू नकोस. आनंद झाला म्हणावा तर तोही धड नाही. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस बादलीवर उभा राहून नीरा काढतोय, अख्खं गाव जाता-येता बघणार. आणि गाणार कसा? जमिनीवर उभं राहून कोणी गात नाही. त्याने तोंड मिटून घेतलं आणि तासत राहिला.

तेवढ्यात उंच माडावरून बिरिबोचा आवाज आला. खेकडा नव्हता. दाजींना बरं वाटावं म्हणून बिचाऱ्याने काइताराच्या घरचं गाणं धरलं होतं. आणि धरलं ते उलटं. आजोबांना होडी दिसलीच नाही, बाकी सगळ्या गावाला दिसली, असं तो मन लावून गात होता.

सगळं सोसलं असतं, हे सोसवेना. काइताराने मान वर केली आणि पहिल्या ओळीपासून गाणं सुरू केलं. आठ महिने साठलेला आवाज होता तो. वर बिरिबो एकदम गप्प झाला. चुलीपाशी बसलेली राकेरा उठून उभी राहिली. आजोबांना होडी दिसली, ज्यांना दिसली नाही ते आंधळे, असं सगळं त्याने शेवटपर्यंत म्हटलं आणि धापा टाकत थांबला.

"चढला!"

बिरिबोच्या अंगणापलीकडच्या मचाणावरून ताउआ मावशीचा आवाज आला. तिने तोंड आभाळाकडे, उंच माडाच्या दिशेला केलं होतं आणि हाताने खांब चाचपत उभी राहायची धडपड करत होती. "राकेरा, ऐकलंस का गं? काइतारा चढला! मी म्हणत नव्हते, हात जाणार नाही म्हणून! लोक काय वाटेल ते बोलतात. काइतारा, वर आहेस ना रे?"

राकेराने नवऱ्याकडे पाहिलं. वरून बिरिबोनेही पाहिलं आणि तो पानांआड झाला. काइताराच्या ओठांवर खरं तेच आलं होतं, चारशे वेळा सांगून खरंच सांगायची जिभेला सवय लागलेली होती. मावशीच्या खांबाला अजून तशीच टांगलेली ती बूच लावलेली तेलाची बाटली त्याला दिसली.

"हो मावशी," तो मोठ्याने म्हणाला, "वरच आहे."

"मग सांभाळून उतर रे बाबा. घाई करू नकोस."

"नाही करत," काइतारा म्हणाला, आणि डाव्या हाताने झाडाला धरून बादलीवरून हळूच खाली उतरला.